पोस्टकार्डावरचं मैदान

पंचाची चूक झाली तर ती त्याला मापात दाखवावी, असं मामांचं मत होतं. मैदानावर आरडाओरडा करणाऱ्यांचा त्यांना राग येई. आमच्या गल्लीचा संघ हरला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाटबंधारे खात्यातली आपली टोकदार पेन्सिल घेऊन ओट्यावर बसत आणि एका साध्या पोस्टकार्डावर सबंध फुटबॉलचं मैदान काढत. एक सेंटिमीटरला दहा मीटर. आमचे खेळाडू भरीव ठिपके, समोरचे पोकळ. चेंडूची वाट तुटक रेघेनं. पंच म्हणजे एक छोटा त्रिकोण, आणि त्या त्रिकोणातून निघालेला बाण तो कुठे बघत होता ते दाखवी. खाली इंग्रजीत एकच वाक्य असे: मान्यवर महोदय, आपण कोठे उभे होता ते कृपया पाहावे.

मग सही, तारीख, आणि कार्ड पेटीत.

तिरुच्चीहून येणाऱ्या एका पंचानं ती सगळी कार्डं जपून ठेवली होती. एकदा सामन्याआधी तो मामांना, तमिळ लोक आम्हा मराठी लोकांना मारतात ती हाक मारून, म्हणाला, "रायर, मागच्या खेपेला तुम्ही जिंकलात, म्हणून मला कार्ड आलं नाही. घरी मुलं विचारत होती." मामा हसले नाहीत. म्हणाले, "जिंकल्यावर तुमची चूक मला कशी दिसेल?"

खरंच दिसत नसे. मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या काळात आमच्याविरुद्ध दिलेला एकही निर्णय त्यांना बरोबर वाटला नव्हता. आमच्या पोराच्या हाताला चेंडू लागला तर चेंडू हाताकडे आला, आणि त्यांच्या पोराच्या हाताला लागला तर हात चेंडूकडे गेला. बाकी सगळ्या बाबतींत हा माणूस इतका चोख होता की दुकानातून जास्तीची आलेली काडेपेटी परत करायला उन्हात जाई.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो. तंजावुरजवळच्या ओरत्तनाडूत माझे वडील शिंपी होते. शाळेचे गणवेश शिवायचे. शाळा तमिळ, घरात बोलणं मराठी, आणि घराण्यात पदवीपर्यंत गेलेला मीच पहिला. बी.कॉम. झालो आणि तंजावुरात राजवाड्याजवळच्या एका टीव्हीच्या शोरूममध्ये लागलो. तेव्हा रंगीत टीव्ही लॉरी भरभरून यायचे. राजवाड्याच्या गल्ल्यांत या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या आणि दर कोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी होती. शोरूमच्या मालकांना सगळे मुदलाळी म्हणत. तेही आमच्याच लोकांतले, गल्लीतच वाढलेले.

खोली बघायला गेलो तेव्हा मामांनी भाड्याचं काही विचारलं नाही. "मराठी वाचतोस?" म्हणाले.

"बोलतो, मामा. वाचायला नाही शिकलो."

"म्हणजे ऐकू येतं, दिसत नाही. सेरी, चालेल. रोज संध्याकाळी खाली ये."

चुकलेल्या पोस्टकार्डांच्या कोऱ्या जागेवर त्यांनी मला बाराखडी शिकवली. आज मी हे लिहितो आहे ते त्या कार्डांच्या जोरावर. गल्लीत मराठी घरं पुष्कळ होती, पण देवनागरी वाचणारे आम्ही दोघंच. मामीसुद्धा बहिणीला पत्र लिहायच्या ते मराठीत, पण अक्षरं तमिळ.

मामा खात्यात नकाशे काढायचे. कालव्याच्या, बांधाच्या, शेताच्या कडेच्या रेघा हा त्यांचा पोटाचा धंदा होता, आणि मैदानाच्या रेघा हा त्यांचा धर्म. सामन्याच्या दिवशी पहाटे ते कालव्याकाठच्या मैदानावर जायचे, चपला बाहेर काढायचे, काथ्याची दोरी चुन्याच्या बादलीत बुडवायचे. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं जमिनीत ठोकलेल्या खुंटीला. संघातली पोरं म्हणायची, मामा, आम्ही धरतो की. ते म्हणायचे, "माणसाचा हात हलतो. खुंटी हलत नाही." मग दोरी ताणून एकदा टिचकी मारायची, आणि जमिनीवर पांढरी रेघ उमटायची. ती वाळेपर्यंत कुणी ओलांडायची नाही. "एकदा मारली की ती आपली नाही," असं ते म्हणत.

सामना सुरू झाला की ते काळा कूलिंग ग्लास चढवून लाइन्समनच्या बरोबर मागे उभे राहत. ढगाळ असलं तरी चष्मा. चुना डोळ्यांवर चमकतो, हे कारण. सबंध सामनाभर ते लाइन्समनच्या मागून दोन पावलांवर चालत आणि तोंडानं तीन भाषांत पुटपुटत. आणि संघ हरला की ते पुटपुटणंही बंद. घरी येऊन थंड पाण्यानं अंघोळ, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या कॉफीचा पहिला घोट पोटात जाईपर्यंत मौन. मामी म्हणायच्या, "माझं लग्न झालं त्या वर्षी हे अकरा दिवस मुके होते. मज वाटलं, असंच स्थळ दिलं की काय."

हंगामाचा शेवटचा सामना नेहमी ओरत्तनाडूशी असे. दोन्ही गावांतली जुनी रीत अशी, की जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घालायचं, केळीच्या पानावर, आणि वाढायचं संघाच्या माणसांनी स्वतः. ओरत्तनाडूला राजांच्या वेळचं छत्रम आहे. वाटसरूंना तिथे जेवू घालायचे. त्यावरून याला छत्रम-जेवण म्हणत. सांबाराची पहिली पळी हरलेल्या बाजूच्या सगळ्यांत वडील माणसानं वाढायची. आमच्याकडे तो मान मामांचा.

त्या वर्षी पाच-सहा वर्षांनी प्रथमच लीगची ढाल आमच्या हाताशी आली होती. शेवटचा सामना बरोबरीत सुटला असता तरी ती आमची होती. मुदलाळींनी ढाल आणली तर सगळ्या संघाला मद्रासहून बूट आणायचं कबूल केलं होतं. निम्मी पोरं फाटक्या कॅनव्हासच्या जोड्यांत खेळायची. दोन्ही संघांनी एकेक लाइन्समन द्यायचा असा नियम होता. आमचा नेहमीचा माणूस तापानं आजारी पडला आणि मामांनी माझं नाव सुचवलं.

"तो तर ओरत्तनाडूचा," मुदलाळी म्हणाले.

"नियमाचं पुस्तक त्यानं वाचलंय. तुम्ही वाचलंय?" मामा म्हणाले. तिथे विषय संपला.

सामन्याच्या उत्तरार्धात आम्ही एका गोलनं मागे होतो आणि हल्ला माझ्या बाजूला चालला होता. लाइन्समनचं काम सोपं वाटतं. आपल्या माणसानं पुढे चेंडू टाकला त्या क्षणी आपला दुसरा गडी, त्यांचा गोली सोडला तर, त्यांच्या शेवटच्या गड्याच्याही पुढे उभा असेल, तर तो ऑफसाइड. निशाण वर करायचं. एवढंच.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली होती. मधून चेंडू उंच आला आणि आमचा शिवा त्यामागे सुटला. शिवा एकोणीस वर्षांचा, सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा, आणि पायात वाऱ्याचं वेड. मी काय पाहिलं ते सांगतो. त्याचा खांदा त्यांच्या शेवटच्या बॅकच्या पुढे होता, हातभर. पण चेंडू आधी सुटला की खांदा आधी पुढे गेला, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. माझा हात वर गेला. मी नेला म्हणण्यापेक्षा तो गेला. शिवानं चेंडू जाळ्यात मारला, मैदान उसळलं, आणि मग एकेक करून सगळ्यांची मान माझ्याकडे वळली.

पंचानं माझ्या निशाणाकडे पाहिलं आणि गोल नाकारला. थोड्या वेळानं शेवटची शिट्टी झाली.

हरल्यावर लोक ओरडतात असं वाटतं. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. आमची माणसं मैदानातून बाहेर पडताना माझ्या बाजूनं जात होती आणि प्रत्येक जण जवळ आल्यावर बोलणं थांबवत होता. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या घरी मीच टीव्ही बसवून दिला होता, तेवढे थांबले. "गावचं पाणी," इतकंच म्हणाले आणि गेले. निशाण कुणाकडे द्यायचं ते कळेना, म्हणून ते हातात घेऊनच मी घराकडे निघालो. माझ्या दहा पावलं पुढे मामा चालले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर आणि पायऱ्यांवर वीसेक माणसं जमली होती. मुदलाळी मधोमध खुर्चीत. त्यांच्या मांडीवर शोरूमचा कागद होता आणि त्यावर इंग्रजीत मजकूर टाइप केलेला. लेखी तक्रार सात वाजेपर्यंत लीगच्या सेक्रेटरीच्या घरी पोचली तर सामना पुन्हा होऊ शकत होता. त्यासाठी लाइन्समननं आपली चूक लिहून द्यायची आणि एका साक्षीदारानं खाली सही करायची. सहा वाजून गेले होते.

मामा सरळ आत गेले. मागल्या दारी बादलीचा आवाज आला. मग ओल्या पंच्यानं डोकं पुसत ते बाहेर येऊन आपल्या जागेवर, खांबाला टेकून बसले. काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर.

"मामा," मुदलाळी म्हणाले, "तुमचं मौन आम्हाला ठाऊक आहे. बोलू नका. तुम्ही याच्या मागे दोन पावलांवर होता. गोल होता की नाही, नुसती मान हलवा."

मामांनी मान हलवली नाही. वरही नाही, आडवीही नाही.

"सेरी. सही तरी कराल ना? याच्यानंतर." मुदलाळी माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "तंबी, मी तुज कामावर ठेवलं तेव्हा विचारलं का, कोणत्या गावचा?"

"नाही, मुदलाळी."

"मग आज तुज का आठवलं?"

"मला नाही आठवलं. मी शिवाचा खांदा पाहिला."

"खांदा पाहिला म्हणे," मागून कुणीतरी म्हणालं. "बापानं माप घ्यायला शिकवलंय."

काही जण हसले. मी हसलो असतो तर बरं झालं असतं, पण वडिलांचा उल्लेख आल्यावर माझे कान तापले.

शिवा सगळ्यांत खालच्या पायरीवर अनवाणी बसला होता. फाटके जोडे बाजूला ठेवले होते. तो हळूच म्हणाला, "अण्णा, मी पुढे होतो का? मज कळलंच नाही. मी चेंडूकडे बघत होतो."

सगळ्यांच्या रागापेक्षा त्याचं ते विचारणं जड गेलं. एका सहीनं सामना पुन्हा होऊन त्याला बूट मिळू शकत होते, गल्लीला ढाल मिळू शकत होती, माझी नोकरी राहणार होती. आणि मला तरी कुठे पक्कं ठाऊक होतं? माणूस चुकतो. चुकलो असं लिहिण्यात खोटं काय?

"गावी पैसे पाठवतोस ना?" मुदलाळी म्हणाले. "मग सोमवारी शटर उघडायला तूच पाहिजेस. कर सही." त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून माझ्या हातात दिलं. मी निशाण काखेत धरलं आणि कागद खांबावर टेकवला. पेनचं टोक कागदाला लागलं होतं. त्या कागदावर एक निळा ठिपका पडला तो मला अजून दिसतो.

"ऑफसाइड."

आवाज इतका घोगरा होता की कुणाचा ते क्षणभर समजलं नाही. मामी स्वयंपाकघरातून धावत दारापर्यंत आल्या.

मामांनी चष्मा काढला, मिटला, मांडीवर ठेवला. "ऑफसाइड होता," ते पुन्हा म्हणाले. "त्याचं निशाण बरोबर. मी सही करणार नाही. पेन परत दे त्यांचं."

पोरं लहानपणापासून मामांची कार्डं पाहत आली होती. या माणसानं आमच्याविरुद्धचा निर्णय बरोबर म्हटलेला कुणी ऐकला नव्हता, आणि तोही मौन मोडून. मुदलाळी खुर्चीत पुढे झुकले.

"मामा, तुम्ही पाहिलंत?"

"मी कुठे उभा होतो?"

"त्याच्या मागे."

"मग?"

मुदलाळी उठले. कागदाची घडी केली, फाडला मात्र नाही. जाताना मला म्हणाले, "तुझं नशीब मोठं आहे, तंबी. माझ्या दुकानात ते ठेवायला जागा आहे की नाही ते बघतो."

लोक पांगले. मामा आत गेले आणि मामींना म्हणाले, "पन्नास पानं लागतील. सकाळीच कापून आणव." मग त्यांनी विळी ओढली आणि लाल भोपळा चिरायला बसले. दुसऱ्या दिवशीच्या कॉफीपर्यंत पुन्हा शब्द नाही.

छत्रम-जेवणाला ओरत्तनाडूची माणसं व्हॅन भरून आली. त्यांच्या कप्तानानं मला पाहिलं आणि सगळ्यांदेखत मिठी मारली. "आमचं पोर आहे हे. गाव विसरलं नाही." पानांवर वाढणारे आमचे लोक जागच्या जागी थांबले. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता तो मी खाली ठेवला.

मामा पंगतीच्या डोक्याशी सांबाराची बादली घेऊन उभे होते. "पोर तुमचं," ते तिथूनच म्हणाले. "पण निशाण मी दिलं होतं. पानावर बस, गार होतंय."

कप्तान बसला. पहिली पळी त्याच्या पानावर पडली. त्यानं बोट बुडवून चाखलं आणि डोळा मिचकावला. "मामा, मीठ कमी झालंय."

"आज आमचं डोळ्यांतून गेलं," मामा म्हणाले. "अगं, मीठ आण याला."

त्यांनी सगळ्या पंगतीला वाढलं. शेवटच्या पानापर्यंत एक थेंब बाहेर सांडला नाही.

सोमवारी मी शोरूमला गेलो. मुदलाळींनी शटर स्वतः उघडलं होतं. त्यांनी मला आल्यापावली गोदामात पाठवलं आणि दोन दिवस माझ्याशी शब्द बोलले नाहीत. खोकी मोजताना मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. मामांनी पाहिलं होतं. ते मागे उभे होते, त्यांची नजर नकाशे काढणाऱ्याची, आणि ते म्हणाले, बरोबर. म्हणजे मी बरोबर होतो. या एका आधारावर मी गल्लीतून मान वर करून चालत होतो.

बुधवारी संध्याकाळी घरी आलो तर मामा ओट्यावर होते. "तुज कार्ड आलंय," म्हणाले, आणि बाजूला ठेवलेलं पोस्टकार्ड माझ्यापुढे केलं.

पत्ता इंग्रजीत, ठसठशीत अक्षरांत: लाइन्समन, माडीवरची खोली, आणि खाली त्याच घराचा नंबर. वर पोस्टाचा काळा शिक्का. त्यांनी ते कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं होतं, पोस्टमननं ते त्यांच्याच हातात आणून दिलं होतं, आणि ते माझी वाट बघत बसले होते.

मागच्या बाजूला मैदान होतं. एक सेंटिमीटरला दहा मीटर. भरीव ठिपके, पोकळ ठिपके, त्रिकोण. कालव्याकडच्या रेघेवर एक छोटा माणूस, त्याच्या हातात निशाण, अगदी सरळ वर. त्याच्यामागे आणखी एक माणूस, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. पण गोलसमोर, जिथे शिवा आणि त्यांचा शेवटचा बॅक असायला हवे होते, तिथे काहीच नव्हतं. खोडलेलंही नव्हतं. चेंडूची तुटक रेघ त्या कोऱ्या जागेच्या काठाशी येऊन थांबली होती.

खाली या खेपेला इंग्रजी नव्हतं. देवनागरी होती, म्हणजे पोस्टमनला, मामींना, सबंध गल्लीला न वाचता येणारी.

"या जागी माझे डोळे मिटलेले होते. आपला गडी गोलपाशी गेला की दरवेळी मिटतात. आपला एकही गोल मी आजवर पाहिलेला नाही. उघडले तेव्हा निशाण वर होते. तेवढे काढले आहे."

मी दोनदा वाचलं. मग मी बरोबर होतो हे कुणाला ठाऊक होतं?

"वाचलं?" मामांनी विचारलं.

"वाचलं."

"एखादं अक्षर अडलं?"

"नाही, मामा. पण तुम्ही पाहिलंच नव्हतं, तर त्या दिवशी..."

मामी आतून चिवड्याची मोठी वाटी घेऊन आल्या, तसा मी गप्प झालो. त्यांनी वाटी आमच्यामध्ये ठेवली, कार्डाकडे एक नजर टाकली, "आता घरातल्या घरातही टपाल का?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

मामांनी चिवडा तोंडात टाकला. रस्त्याकडे बघत सावकाश चावून संपवला.

"रविवारी शाळेचे सामने आहेत," ते म्हणाले. "रेघा मारायच्या आहेत. पहाटे पाचला ऊठ."

"उठतो. काय आणू? चुना?"

"चुना आहे. खुंटी नेणार नाही मी. दोरीचं दुसरं टोक तू धर."